नावेतली बाई जिवंत की मेलेली

माझ्याइतके नाटकाचे पडदे उभ्या गोव्यात कुणी रंगवले नाहीत. मी रंगवलेल्या दरबाराच्या खांबावर बसायला जाऊन कावळे डोकं आपटून घेत. तरी इब्रामपूरचा एक पडदा माझ्या जिवाला लागून राहिलाय, आणि तिथला एक मास्तर.

गोवा अजून राज्य व्हायचा होता. देवीच्या जत्रेतल्या नाटकाला नवा दर्शनी पडदा हवा होता. म्हापशाच्या बाजारात मला जुन्या विलायती चित्रांचं पुस्तक मिळालं होतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातले चित्रकार इंग्रजी कथाकाव्यांतले प्रसंग रंगवत. त्यातलीच एक बाई नावेत आडवी, केस मोकळे, अंगावर फुलं, डोळे मिटलेले. मी तिला नऊवारी नेसवली, मागे शापोरा नदी घातली. सोनेरी केस काळे करायला इतकी काजळी लागली की तीन वाड्यांतल्या चुली लख्ख झाल्या. जत्रेच्या कमिटीला सांगितलं, राजकन्या सासरी चाललीय. दोन महिने मान मोडून काम केलं.

मास्तर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला. भाषेच्या वादात तो कोकणीचा, मी मराठीचा. एकमेकांची सावली दिसली तरी आम्ही थुंकायचो. तो आला, चष्मा पुसून पडदा न्याहाळला आणि कमिटीच्या देखत म्हणाला, "हे मडं आहे. हे चित्र ज्या काव्यातलं, ते मी वाचलंय. नाव तिला स्मशानात नेतेय."

देवीच्या मांडवात मडं! सगळे दोन पावलं मागे सरले. त्याच दुपारी मी बाईचे डोळे उघडले, गाल इतके लाल केले की मेलेली असती तरी लाजून उठली असती. पण कमिटीच्या मनातून मडं जाईना. देवीच्या मूर्तीला पाकळ्या चिकटवून, कुठली आधी पडते त्यावरून कौल घेऊ म्हणाले, पण आधी मास्तराने चारचौघांत सांगावं, बाई जिवंत आहे.

मी त्याच्या घरी गेलो. मास्तर ओसरीवर पाय पसरून बसला होता. उठलासुद्धा नाही.

"सांगतो की. पण तू सगळ्यांसमोर कोकणीत विचार. 'मास्तर, ही बायल जिती न्ही?' बस. घरात बोलतोस तीच भाषा."

"घरात मी लंगोट्यावर पण असतो," मी म्हटलं.

"मग बाई मेली," तो म्हणाला आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

नाटक जुन्याच, उंदरांनी कुरतडलेल्या पडद्यावर झालं. मास्तर पहिल्या रांगेत बसलेला. मीही मुद्दाम पहिल्याच रांगेत बसलो आणि शेवटच्या अंकापर्यंत त्याच्याकडे पाठ करून राहिलो. नाटक काय झालं, मला माहीत नाही.

घरी आलो तर बायकोने गुंडाळलेला पडदा पायाने भिंतीशी सारला. एक शब्द बोलल्याने जीभ झडते का, असं तिने घरातल्या भाषेत विचारलं, "एक उतर उलयल्यार जीब झडटा?"

"झडटा," मी म्हटलं.