रंगुबाईंच्या घरचं पाव्हण्यांचं वायफाय

तासगावच्या अलीकडं, एसटीच्या थांब्याला लागूनच रंगुबाईंचं घर आहे. पुढं ऐसपैस सोपा, मागं बेदाण्याचं शेड. घरात माणसांची ये-जा कायम. बेदाणा बघायला व्यापारी येतात, औषधवाले येतात, लेकीबाळींच्या सासरची येतात, आणि एसटी चुकलेलं कुणी ना कुणी तर रोज असतंच. आलेल्याला रंगुबाई आधी पाणी देतात, मग चा, आणि चा उकळेपर्यंत वायफायचा पासवर्ड.

"इंग्रजीत द्राक्ष लिवा, आन पुढं एक दोन तीन चार!" चुलीपुढनंच त्या ओरडून सांगायच्या. थांब्यावरच्या कॉलेजच्या पोरांनाही तो तोंडपाठ होता. वायफाय बसवलं होतं सुनेसाठी. स्वप्नाली पुण्याच्या कंपनीचं काम घरातनंच करते आणि तिचा नवरा विश्वजित लष्करात आहे. पण रंगुबाईंच्या हिशेबी घरात आलेली वस्तू पाव्हण्याचीपण असते.

यंदाच्या बेदाण्याच्या दिवसांत लालासाहेब नावाचे सांगलीचे व्यापारी आले. सोप्यात टेकले, पासवर्ड घेतला आणि फोन बघत बसले. रंगुबाई भाकरी थापत होत्या. एकाएकी माजघरातल्या टीव्हीवर हलगी कडाडली. हाताला पीठ तसंच ठेवून त्या पळत गेल्या आणि बघतात तर टीव्हीत लालासाहेब! डोक्याला फेटा, तोंडात रुमालाचं टोक, अंगभर हळद, आणि पुतण्याच्या वरातीत नागासारखं डुलणं चाललेलं.

रंगुबाईंनी सोप्यात डोकावलं. लालासाहेब तिथंच बसलेले होते.

"आवं लालासाहेब, तुमी हितं हाय, मग आत कोन नाचतंय?"

लालासाहेबांचा चेहरा खरोखरच हळदीसारखा झाला. फोनवर चुकून भलत्याच खुणेवर बोट पडलं होतं आणि व्हिडिओ थेट टीव्हीवर गेला होता. रंगुबाईंचे मालक नानासो हसून हसून खांबाला टेकले. शेजारच्या धोंडुबाई तर "पुन्यांदा लावा की," म्हणून अडून बसल्या, आणि लालासाहेबांनीही शेवटी लाजत लाजत पुन्हा लावला.

स्वप्नालीही हसली, पण पाव्हणे गेल्यावर तिनं सासूला जवळ बसवून घेतलं.

"आत्या, त्यांचा नाच आपल्या टीव्हीवर आला, म्हंजी त्यांचा फोन आपल्या टीव्हीपर्यंत पोचला. त्याच वायफायवर शेडचे कॅमेरे हायत, माझा ऑफिसचा लॅपटॉप हाय. लालासाहेब भले माणूस. पण एखाद्याच्या मनात वाईट असलं तर? न्हाईतर माणूस चांगला आन त्याच्या फोनला कसली कीड लागलेली असली तर? पासवर्ड तर गावाला पाठ हाय. असा सगळ्यांना देऊन चालायचं न्हाई."

रंगुबाईंनी पुढचं ऐकलंच नाही. "दारात आलेल्याला न्हाई म्हनू? माझ्या तोंडातनं ते यायचं न्हाई बग," म्हणाल्या आणि उठून शेडात गेल्या. संध्याकाळपर्यंत बेदाण्याच्या काड्या वेचत राहिल्या. आमटीत मीठ घालायचंही विसरल्या.

रात्री जेवताना स्वप्नालीनं अळणी आमटी मुकाट्यानं खाल्ली आणि म्हणाली, "आत्या, माझं बोलणं निम्मंच ऐकलंत. न्हाई म्हनाच म्हणून कुटं म्हटलं मी? आपला सोपा येगळा हाय आन माजघर येगळं. सोप्यातला पाव्हणा पोटभर जेवतो, पण देवघरात न्हाईतर धान्याच्या खोलीत शिरतो का? तसं वायफायचंबी करता येतं. पाव्हण्यांचं येगळं. त्यांचं इंटरनेट चालंल, पण आपला टीव्ही, कॅमेरे, लॅपटॉप त्यांना दिसणार न्हाईत."

"आगं मग हे आधी सांगायचं की!" रंगुबाईंनी सुनेच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी दोघी कामाला लागल्या. स्वप्नालीनं राउटर उलटा केला. खालच्या चिकटपट्टीवर त्याच्या सेटिंगचा कंपनीनं दिलेला पासवर्ड छापलेला होता. "हे तर दारालाच चावी लटकवल्यागत झालं," रंगुबाई म्हणाल्या. तो बदलला, राउटरचं सॉफ्टवेअर नवं केलं आणि घरच्या वायफायला नवा पासवर्ड दिला. तो रंगुबाईंनीच सुचवला. लांबलचक आहे आणि कोणता, ते इथंही सांगत नाही. मग कॅमेरे एकेक करून पुन्हा जोडायला दोघी शेडात हिंडल्या.

"आता पाव्हण्यांच्या वायफायला नाव काय द्यायचं?" स्वप्नालीनं विचारलं.

रंगुबाईंना विचार करावाच लागला नाही. "जेवून जावा," त्या म्हणाल्या.

नानासोंनी घरचा पासवर्ड मागितला तेव्हा मात्र सासूसुनांनी एकमेकींकडं बघितलं. नानासोंच्या पोटात काही राहत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक. "तुमी सोप्यातच बसा," रंगुबाई म्हणाल्या. ते अजून पाव्हण्यांच्याच वायफायवर आहेत आणि मजेत आहेत.

पुढं एका दुपारी थांब्यावरच्या लिंबाखाली एक जीप उभी राहिली. पाटणकडचे नाथाजी, त्यांची बायको मनुबाई आणि घरची चार माणसं. तासगावच्या गणपतीला जाऊन परत निघालेली, पोटात काही नाही. रस्ता बघायला नाथाजींनी फोन काढला, तर स्क्रीनवर अक्षरं: जेवून जावा. ते दबकत दारात आले.

"ताई, हितं खानावळ हाय का?"

"खानावळ न्हाई, घर हाय. या, बसा. किती जण हायसा?"

झुणका, भाकरी, दही, शेंगदाण्याची चटणी, वर मूठमूठ बेदाणा. नाथाजी पैशासाठी खिशात हात घालू लागले तसं रंगुबाईंनी असं बघितलं, की हात तिथंच राहिला. बरोबरच्या पोरांना पाव्हण्यांच्या वायफायचा पासवर्ड मिळाला. माजघरात स्वप्नालीची मीटिंग चालू होती आणि तिला कसलीच काळजी नव्हती.

दिवाळी झाली तशी नाथाजींनी पाटणहून नव्या तांदळाचं पोतं पाठवलं आणि फोनवर बजावलं, "न्यायला गाडी धाडतोय, आलंच पायजे." रंगुबाई आणि नानासो गेले. मनुबाईंनी ताटात भात वाढला, वर तूप ओतलं. रंगुबाई "बास, बास" म्हणत राहिल्या, ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तरी बोटांच्या फटीतनं भात पडतच राहिला.

"आवं मनुबाई, जीव जाईल माझा!"

"जायचा न्हाई वं, घ्या मुकाट्यानं," मनुबाई म्हणाल्या आणि आणखी एक डाव भात घातला.