मेन स्विच बंद करणारा बाप

लिफ्टवाले काका जन्मभर एकच नियम पाळत आले होते: यंत्र अडकलं की आधी मेन स्विच बंद, मग विचार. त्या नियमाने कितीतरी माणसं सुखरूप बाहेर आली, हे खरंच. पण घरातल्या कॉम्प्युटरलाही तोच नियम लावावा, या माणसाला आता काय म्हणावं?

लेक चपला शिवून आणायला बाहेर गेली होती. तिच्या टेबलावर कॉम्प्युटर चालू होता आणि पडद्यावर ‘अपडेट चालू आहे, बंद करू नका’ असं आलं होतं. बराच वेळ आकडा हलेना. अडकलेली वस्तू बघत बसणं काकांच्या रक्तातच नाही. त्यांनी भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं, जरा थांबून पुन्हा लावलं, आणि झाली की पंचाईत! कॉम्प्युटर सुरू व्हायचा, घुटमळायचा, परत काळा. काकांनी आणखी दोनदा तोच प्रयोग केला.

आत तिने काढलेले घरांचे नकाशे होते. उद्या सकाळच्या गाडीने ती दूरच्या शहरात जाणार होती. नोकरी ठरल्यातच जमा होती, नकाशे तेवढे दाखवायचे होते. ते पेनड्राइव्हवर संध्याकाळी घेणार, असं ती सकाळीच म्हणाली होती.

“अहो, तिला फोन करा,” काकू दारातून म्हणाल्या.

“कशाला? बघतो मी.”

“बघूनच तर ही वेळ आणलीत.”

एवढ्यात निळा पडदा आला. इतक्यांदा गळा दाबल्यावर यंत्रानेच हात टेकले असावेत, आणि दुरुस्तीचे पर्याय पुढे केले. काकांना हायसं वाटलं. त्यांनी ‘स्टार्टअप रिपेअर’ दाबलं. गोल गोल ठिपके फिरू लागले. काका हात मांडीखाली दाबून बसले, कारण हात मोकळे ठेवले तर ते भिंतीकडे जातात, हे एव्हाना त्यांनाही कळलं होतं. शेवटी पडद्यावर उत्तर आलं: दुरुस्ती करता आली नाही.

आणि काकांना बरं वाटलं.

त्यांना आधी कळेचना. वाईट वाटायला हवं होतं, मग छाती हलकी कशी झाली? नकाशे नाहीत म्हणजे नोकरी नाही, म्हणजे पोरगी इथेच. हे मनात आलं तसे ते चपापले. आपण बाप आहोत की कोण?

पर्यायांत ‘रीसेट’ होतं. त्यांच्या धंद्यात रीसेट म्हणजे साधी गोष्ट, लिफ्ट तळमजल्यावर जाऊन पुन्हा मजले मोजू लागते. त्यांनी ते उघडलं. दोन ओळी आल्या: ‘फाइल्स ठेवा’ आणि ‘सगळं काढून टाका’. माउसचा बाण दुसऱ्या ओळीवर जाऊन थांबला. मला त्यातलं काय कळतंय, चुकून दाबलं गेलं, असं म्हणता आलं असतं. सगळ्यांनी विश्वासही ठेवला असता. काकांना स्वतःच्या बोटाची भीती वाटली.

“जमतंय का?” काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

“काहीच कळत नाही गं मला,” काका म्हणाले, आणि ते कॉम्प्युटरबद्दल नव्हतं.

त्यांनी मागे जाऊन सगळे पर्याय पुन्हा वाचले. एक होता, शेवटचं अपडेट काढण्याचा. जिथे अडकलं तेच काढायचं, एवढं तरी डोक्यात शिरलं. दाबलं. या वेळी वाट बघणं फार जड गेलं, कारण काय व्हावं हेच त्यांचं ठरत नव्हतं.

कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा लेक दारात चपला काढत होती. काय काय दाबलं ते काकांनी सांगून टाकलं. तिचा चेहरा पांढरा पडला. धावत येऊन तिने एकेक नकाशा उघडून बघितला, मग खुर्चीत बसली.

“आहेत सगळे,” ती म्हणाली. “पण बाबा, मला फोन का नाही केलात? काय दाबायचं ते मी सांगितलं असतं.”

काकांनी माउस तिच्याकडे सरकवला.

“उद्यापासून तुला सगळं फोनवरच विचारावं लागणार,” ते म्हणाले. “आज तरी नको म्हटलं.”