आमच्या गल्लीची तक्रार

आमची आई म्हणजे एक नंबरची खट. हे मी लाडानं म्हणतोय असं समजू नका. मी शिंपी, दुकान म्हणजे घराची पुढची खोली, आणि आई तिथंच खिडकीशी फोन मांडीवर घेऊन बसायची. तिच्यापायी माझं मशीन कितीदा बंद पडलं ते माझं मला ठाऊक.

माझी बायको रस्ते खात्यात फोनवर बसते. आमचा रस्ता कधी होणार, डांबर कधी पडणार, खोदून ठेवलंय ते बुजवणार कोण, असं अख्खं शहर तिला विचारतं. आणि आमच्याच गल्लीत असे खड्डे, की सायकलवालासुद्धा मुकाट्यानं उतरून चालायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्यातल्याच एका खड्ड्यात आई पडली आणि खुबा मोडून बसली. तेव्हापासून वॉकर. तो घरात चालतो, गल्लीत अडकतो. गल्लीच्या टोकाला तिची मैत्रीण राहायची, पत्त्यांतली जन्माची वैरीण. तिचे गुडघे गेलेले, त्यामुळे तिचंही येणं बंद. आणि आता ती कायमची लेकीकडे राहायला निघाली होती.

"ती जायच्या आत मला एक डाव खेळायचाय," आई म्हणाली. "मागचा तिनं लबाडीनं जिंकलाय."

"उचलून नेतो की तुला."

"मी काय पोतं आहे? माझ्या पायांनी जाईन."

मग तिनं सुनेला गाठलं. "तुझ्या साहेबांच्या कानावर घाल ना जरा."

"आई, स्वतःची गल्ली पुढं सरकवली तर उद्या लोकांशी कुठल्या तोंडानं बोलू मी?"

विषय संपला. म्हणजे आपला मला वाटलं संपला.

दुसऱ्या दिवशी आईनं मला मशीन थांबवायला लावलं, रस्ते खात्याला फोन लावला, घसा खाकरला आणि घोगऱ्या आवाजात सुरू झाली, "मी निवृत्त मास्तर बोलतोय." माझ्या हातातली कात्रीच गळाली. मास्तरांमागून एक गरोदर बाई आली, तिच्यामागून टेम्पोवाला. टेम्पोवाल्याच्या तोंडच्या शिव्या आई कुठून शिकली, देव जाणे!

एकदा मात्र गिऱ्हाईक दारात खोळंबलेलं, आणि मास्तर ऐन रंगात असताना मी मशीन चालवलं. संध्याकाळी बायको घरी आली, पर्स ठेवली आणि आल्या आल्या मशीनला तेल घालू लागली. "फार खडखडतं हो हल्ली," म्हणाली. "मास्तरांना बोलायला त्रास होतो." आई खिडकीबाहेर बघत राहिली. तिथं बघण्यासारखं काहीही नव्हतं.

कुणी दुसरी असती तर गप्प बसली असती. आमच्या मास्तरांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला, वर स्पीकर लावून.

"सर, एक सांगू?" बायकोचा ऑफिसातला गोड आवाज आला. "शहरात सगळ्यांत कमी तक्रारी तुमच्या गल्लीच्या आहेत. तुम्ही, त्या बाई आणि टेम्पोवाले सोडले तर कुणाचा फोनच नाही. आणि तुम्हा तिघांची मी एकच तक्रार धरली आहे."

"बाकीचे का करत नाहीत?"

"ते तुम्ही गल्लीतच विचारा, सर. आणि दुपारची गोळी राहिली असेल, ती घ्या."

आईनं फोन आपटला, खिडकीतून वाकली आणि इस्त्रीवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत जो दिसेल त्याला अडवत सुटली. तर निघालं काय? "आजी, रस्तेवाली बाई तुमच्याच घरात! आम्ही कशाला फोन करायचा? आज ना उद्या होईलच की." अख्खी गल्ली आमच्या हिच्या भरवशावर हातावर हात धरून बसलेली!

"मेल्यांनो, ती सासूला भीक घालत नाही, तुम्हाला काय घालणार? लावा फोन, माझ्यासमोर लावा!"

लावले. सगळ्यांनी लावले. त्यानंतर एकदाचे साहेब येऊन खड्डे बघून गेले, मग डांबर आलं, रोलर आला. मैत्रिणीच्या बॅगा भरून दारात ठेवल्या होत्या तेव्हा आई वॉकर घेऊन निघाली. बायको तिच्या शेजारून चालली, पण हात पाठीमागे बांधून, कारण धरायचं नाही अशी ताकीद होती. आई टोकापर्यंत गेली, डाव खेळली, हरली आणि "लबाड आहे मेली" म्हणत परत आली. त्या रात्री ती जेवली नाही.

मैत्रीण गेली. पुढं एका दुपारी आईनं फोन उचलला, स्पीकर लावला. मशीन थांबव म्हणाली नाही, मीच थांबवलं. मास्तर नाही, टेम्पोवाला नाही, आपल्या साध्या आवाजात ती म्हणाली, "रस्ता छान झालाय गं. पण आता जाऊ कुणाकडे?"

पलीकडे टाइप केल्याची टकटक ऐकू आली. मग बायको म्हणाली, "तक्रार नोंदवली आहे."

संध्याकाळी ती पत्त्यांचा नवा कॅट घेऊन आली आणि आईसमोर मांडी घालून बसली. "पण मला खेळता येत नाही हं, आई."

"ते तर फारच बरं," आई पत्ते पिसत म्हणाली.