पेटीतलं पोपटी लाकूड

बोरच्या धंद्यात भरोसा कोणावर ठेवावा, सांगा बरं? मशीनवर, माणसावर, का दगडावर? आदिलाबादेत माझं ड्रिलिंगच्या सामानाचं दुकान आहे. पाण्याचे बोर मारणारे माझ्याकडे येत नाहीत. पूल, इमारत बांधायच्या आधी खालचा दगड तपासतात, ते येतात. माझी शाळा सातवीपर्यंत, बाकीचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. चहा पिता पिता ते एकेक किस्सा टाकून जातात. सामान विकलं जातं, किस्से दुकानातच पडून राहतात. त्यातले शेषरावचे तेवढे सांगतो.

*

दुसऱ्याच्या रिगवर, म्हणजे बोर मारायच्या मशीनवर, राबून राबून शेषरावनं शेवटी स्वतःची जुनी रिग घेतली आणि बिट घ्यायला आला. बिट म्हणजे नळीच्या तोंडाला बसणारं, दगड कापणारं कडं. त्यात हिऱ्याची बारीक कणी असते.

"भाऊ, हिरे हायेत म्हणता, मंग दिसत काऊन नाई?"

"सोनाराला दाखव," मी म्हटलं. गडी खरंच गेला की! परत येऊन म्हणाला, "सोनार म्हणते, फुकट देल्लं तरी घेणार नाई."

"मग?"

"मंग हे दगडासाठीच असन. द्या."

*

पहिलं काम मिळालं ते तलमडुगुकडच्या एका गावात, नाल्यावरच्या पुलासाठी. तेच त्याच्या बहिणीचं सासर, म्हणजे इज्जतीचा मामला. इंजिनियर मॅडमनी आधीच बजावलं होतं: दगडाच्या नमुन्यांच्या पेटीत एक तुकडा जरी इकडचा तिकडे दिसला, तर बोर रद्द आणि काम बंद.

बिट तापू नये म्हणून नळीतून सारखं पाणी सोडावं लागतं. काठावर बसलेला एक म्हातारा सकाळपासून बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"पावने, लोकं भोकातून पाणी काढतेत, तुमी ओतून राह्यले. काऊन?"

शेषराव म्हणाला, "मामा, आधी दगडाला पाजा लागते."

*

नळीतून दगडाचा गोल दांडा निघतो, त्याला कोर म्हणतात. तो खोलीच्या क्रमानं पेटीत मांडायचा. जिथला कोर नाही, तिथं लाकडी ठोकळा ठेवून त्यावर खोली लिहायची. शेषरावनं निर्मलच्या खेळणीवाल्याकडून उरलेले ठोकळे आणले होते. सगळे पोपटी.

बहिणीच्या सासऱ्यांनी पेटी पाहिली. "एवढ्या खाली रंगवलेलं लाकूड लागलं?"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, नाल्याखाली राजवाडा आहे म्हणून.

*

मॅडम यायच्या दिवशी पेटीतला सगळ्यात चांगला तुकडा गायब. काळा, गुळगुळीत, हातभर लांब. सापडला तो पिंपळाखाली. उभा केलेला, भस्म लावलेला, वर बेल. शेजारी बहिणीची सासू.

"आत्याबाई, तो माह्या पेटीतला कोर हाये."

"असन. पूजा झाली आता. देव उठवतं का बाबा?"

शेषरावनं मला फोन लावला. "भाऊ, बाजूच्या बोरचा असाच तुकडा हाये. काळ्यासारखा काळा. त्याच्या जागी ठेवून देऊ का?"

"मॅडम ओळखतील का, ते मला विचारू नको. पुलावरून कोण जाणार, ते सांग."

"भाची," म्हणाला, आणि फोन ठेवला.

रिकाम्या जागी त्यानं पोपटी ठोकळा ठेवला. वर खोली लिहिली, आणि खाली: 'तुकडा पिंपळाखाली आहे.'

मॅडम हैदराबादच्या. ठोकळ्यावरचं शेषरावकडून वाचून घेतलं. "इसका मतलब?"

"मॅडम, उसका भगवान बन गया."

मॅडमनी नोंदवही उचलली. पिंपळापर्यंत चालत गेल्या, बूट काढले, खाली बसल्या, टेप काढला. म्हातारीनं तांब्या बाजूला सरकवला आणि टेपचं दुसरं टोक स्वतः धरलं.

"मोजा बाई," म्हणाली, "पण बरोबर लिवजा. देवाच्या हिशोबात कमी-जास्त नका करू."