काटे काढलेला मासा

दोह्याच्या अल अझीझियातून आम्ही सकाळी सातला निघालो आणि साडेसातला पुन्हा आमच्याच इमारतीसमोर आलो. वर्ल्ड कपसाठी रस्ते इतके खणून ठेवलेत की काल उजवीकडे जाणारा रस्ता आज डावीकडे जातो. नवऱ्याच्या, म्हणजे नितीनच्या मित्राने दोन दिवसांसाठी दिलेली घरगाडी छोटीशीच होती: मागे दोन बाकं, एक शेगडी आणि प्रत्येक वळणावर आपोआप उघडणारं कपाट. त्यातून दुसऱ्यांदा पोह्यांचा डबा इराच्या, आमच्या लेकीच्या, डोक्यावर पडला, तेव्हा सासूबाई हसतील असं मला वाटलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

खरं तर सहल त्यांच्यासाठीच होती. सासरे, अण्णा, गेल्याला चौदा महिने झाले होते आणि त्या दिवसापासून आईंनी मासा तोंडात घातला नव्हता. हर्णैची बाई मासे सोडते म्हणजे जेवणच सोडते. इथे अर्धी पोळी खाऊन उठायच्या. रविवारी त्या परत जाणार होत्या, हर्णैच्या बंद घरात, एकट्या. तिथे त्या काही खातील की नाही, या काळजीने मला झोप नव्हती.

अण्णा जेवताना माशाचे काटे काढून पहिला तुकडा आईंच्या ताटात ठेवायचे. पाहुण्यांसमोरसुद्धा, न लाजता. मी नाशिकची. काट्यांच्या भीतीने बारा वर्षं नुसत्या कालवणावर निभावलेली. त्या तुकड्याकडे मी जरा हेव्यानेच बघायचे.

अल खोरला क्रेनच्या गर्दीत तंबूच्या आकाराचं स्टेडियम दिसलं.

"एवढा मांडव कुणाच्या लग्नाचा?" आई म्हणाल्या.

"आजी, इट्स फॉर द वर्ल्ड कप!" इरा ओरडली.

"मग जेवणावळीचं काय? एवढ्या माणसांना वाढणार कोण?"

कित्येक दिवसांनी त्यांनी आपणहून काही विचारलं होतं. नितीनने आरशातून माझ्याकडे पाहिलं. पुढे रास लफानच्या गॅस प्रकल्पाच्या चिमण्यांच्या ज्वाळा दिसल्यावर त्याने गाडी हळू केली. "आई, त्या तिकडे माझा प्लांट." त्यांनी बराच वेळ तिकडे पाहिलं. "रोज एवढ्या लांब येतोस?" म्हणत त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो पुढचे कितीतरी किलोमीटर तिथेच राहू दिला.

फुवैरितचा समुद्र फिकट हिरवा आणि शांत होता. आई पदर खोचून घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या. "लाटाच नाहीत गं याला," म्हणाल्या, "दमलाय बिचारा."

दुपारी मदिनत अश शमालच्या अलीकडे नितीनला फोनवरच्या नकाशात किनाऱ्याकडे जाणारी आडवाट दिसली. समोर पांढरट, सपाट जमीन होती.

"नको घालू गाडी," आई म्हणाल्या. "खाजण आहे हे. वर कोरडं, खाली चिखल."

"आई, हे वाळवंट आहे, कोकण नाही."

पन्नास पावलांवर मागची चाकं निम्मी आत गेली. आम्ही हातांनी उकरलं, चाकांखाली चटया घातल्या, गाडीला धक्के मारले. तासाभरात गाडी आणखी वीतभर खाली गेली, तेवढीच काय ती प्रगती. मग एक पांढरा पिकअप लांबच, पक्क्या जमिनीवर थांबला आणि त्यातून एक म्हातारे अरबी गृहस्थ उतरले. इथल्या जुन्या लोकांना हिंदी येते.

"सब्खा (खारी दलदल) है ये! इधर गाड़ी किसने डाला?"

"मेरे लड़के ने," आईंनी ताबडतोब सांगितलं. "इंजिनियर है."

आजोबा इतके हसले की डोक्यावरचं फडकं सावरावं लागलं. नितीन खाली वाकून एकदम टायर तपासू लागला. आजोबांनी टायरमधली हवा कमी केली, लांब दोर बांधला, "यल्ला!" म्हणाले आणि गाडी बाहेर आली.

"खलास. अब खाना."

नाही म्हणायची सोयच नव्हती. किनाऱ्यावर त्यांचा तंबू होता. त्यांच्या पत्नीने चटईवर भाताचं मोठं ताट ठेवलं, वर निखाऱ्यावर भाजलेला शेरी (इथला आवडता मासा). इथे यजमान स्वतःच्या हाताने पाहुण्याला मासा सोडवून देतो. आजोबांनी बोटांनी चाचपत एकेक काटा काढला आणि पहिला तुकडा आईंसमोर ठेवला.

"उम्मी (माझी आई), पहले तुम."

स्वतः आईंपेक्षा दहा वर्षांनी मोठे असतील. नितीनने मान खाली घातली. मी घाईने म्हणाले, "चाचा, ये मछली नहीं खातीं..." आईंनी माझा गुडघा दाबला.

"असू दे, सायली. चौदा महिन्यांनी कुणीतरी काटे काढून दिलेत."

त्यांनी घास घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या चावत होत्या. इरा टक लावून आजीकडे बघत होती.

आजोबा घाबरले. "मिर्ची ज़्यादा?"

"नहीं," आईंनी नाक ओढलं. "मीठ कम है."

दुसऱ्या दिवशी परतताना अल खोरच्या मासळीबाजारापाशी त्यांनीच गाडी थांबवायला लावली. कल्ले उचकटून पाहिले, दोन मासे नाकारले, तिसरा घेतला. घरी आल्यावर मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं.

रविवार तसाच राहिला होता, आणि त्या जाणारच होत्या. पण मला त्याची भीती उरली नव्हती. रात्रीच्या जेवणाला त्या माझ्या शेजारी बसल्या. माशाचा मोठा तुकडा घेऊन सावकाश, बोटांनी चाचपत, त्यांनी काटे काढले आणि तो माझ्या ताटात ठेवला.

"खा. बारा वर्षं बघतेय, नुसतं कालवण ओरपतेस."

मी डोळे मिटून घास घेतला. एकही काटा नव्हता.