साठ्यांच्या दारावरची पाटी

खोलीच्या दाराला जाड पुठ्ठ्याची पाटी टांगली होती. अक्षर मोत्यासारखं. "येथे आजाराची चर्चा करू नये. चेहरा पाडून आत येऊ नये. रडायचे असल्यास खाली कॅन्टीन आहे. आज्ञेवरून."

"मॅडम, आधी ही उतरवा," वॉर्डातल्या सिस्टर मला म्हणाल्या. "सलाईन बदलायलासुद्धा दबकत जावं लागतं."

पाटी लावणारे साठे काका पुण्यातल्या धायरीच्या एका सोसायटीचे वर्षानुवर्षांचे सेक्रेटरी. आयुष्यभर त्यांनी पार्किंगपासून पाण्यापर्यंत सगळे प्रश्न पाटी लावून सोडवले होते. आत पलंगावर त्यांच्या पत्नी, नलिनीताई. फुफ्फुसातला कॅन्सर हाडांपर्यंत पोचलेला.

मी हॉस्पिटलच्या कॅन्सर विभागात मानसशास्त्रज्ञ आहे. गोळ्या देत नाही, बोलते. आमच्या डॉक्टरांनी मला बोलावलं ते वेगळ्याच कारणासाठी.

"पेशंट तोंडच उघडत नाही. पुढची केमो द्यायची की नाही, उद्या ठरवायचंय. नवरा म्हणतो, द्याच. डिप्रेशन आहे का बघा."

"केमोने बऱ्या होतील?"

"नाही. थोडा वेळ मिळाला तर मिळेल. त्रास मात्र नक्की वाढेल. दोघांनाही हे सांगून झालंय." मग जरा थांबून म्हणाले, "आणि ते तुमचं स्वीकार-बिकार जपून हं. माणूस तापट आहे."

ते स्वीकार-बिकार म्हणजे अ‍ॅक्सेप्टन्सवर आधारलेली थेरपी. नाव भारदस्त, गोष्ट साधी. भीती आणि दुःख येणारच. त्यांना हाकलण्यातच सगळी ताकद गेली, तर जे आपल्याला महत्त्वाचं आहे ते करायला काही उरत नाही. म्हणून भीतीला शेजारी बसू द्यायचं आणि आपलं काम करायचं. लोकांना वाटतं, स्वीकार म्हणजे हात टेकणं. तसं नाही.

मी खोलीत गेले. नलिनीताई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. कसं वाटतंय विचारलं, तर त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं आणि मग म्हणाल्या, "बरी आहे."

"ऐकलंत? बरी आहे," काका म्हणाले.

डिप्रेशन वगैरे मला तिथे दिसलं नाही. बाईंना बोलायचं होतं, पण समोर नवरा पहारा देत होता. मी काकांना माझ्या केबिनमध्ये बोलावलं. येताना पाटी घेऊन या, म्हटलं.

"म्हणजे आपण आता आमच्याकडून मरणाची तयारी करून घेणार," खुर्चीत बसता बसता ते म्हणाले.

"नाही. आधी थोडा व्यायाम. ही पाटी म्हणजे तुमच्या मनातली भीती, असं समजा. दोन्ही हातांनी लांब ढकला. कोपरं वाकवायची नाहीत." पलीकडून मी पाटी घट्ट धरली.

"हा काय पोरखेळ आहे?"

"आहेच. ढकला."

त्यांनी ढकलली. मीही सोडली नाही. थोड्या वेळाने त्यांचे दंड थरथरायला लागले, पण माघार घेतील तर ते साठे कसले!

"काका, नलिनीताईंनी आत्ता पाणी मागितलं. द्या."

"कसं देऊ? हात मोकळे आहेत का माझे?" ते खेकसले. आणि आपलंच वाक्य त्यांना ऐकू आलं.

"आता पाटी मांडीवर ठेवा."

त्यांनी ठेवली. "आहेच की ही इथे," ते हळूच म्हणाले.

"आहे. जाणारही नाही. पण हात?"

ते आपल्या तळहातांकडे बघत राहिले आणि मग रडले. चांगले हुंदके देऊन रडले. मी त्यांना कॅन्टीनमध्ये पाठवलं नाही.

आम्ही खोलीत परत गेल्यावर ते पलंगाच्या कडेला बसले. "नलू, मला फार भीती वाटतेय गं."

नलिनीताईंनी कूस बदलली. "अहो, ठाऊक आहे मला. जिन्यात जाऊन रडता आणि डोळ्यांना ऊन लागलं म्हणून सांगता. इथे जिन्यात कुठलं आलंय ऊन?" मग त्यांनी नवऱ्याचा हात धरला. "मला ही केमो नको. घरी जाऊ या. नको म्हटलं तर तुम्ही कोलमडाल, म्हणून गप्प होते."

काकांनी दुसऱ्या हाताने त्यांची चादर सारखी केली. मग म्हणाले, "जाऊ."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "काय जादू केलीत?"

"पाटी ढकलायला लावली."

त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय.

दुखणं ताब्यात ठेवणारी औषधं देऊन आम्ही नलिनीताईंना घरी पाठवलं. पुढे होमकेअरच्या सिस्टरबरोबर मी धायरीला गेले. नलिनीताई गॅलरीत शेजारणींबरोबर बसल्या होत्या आणि काकांनी केलेल्या चहाला नावं ठेवत होत्या. मला त्या दिवशी माझ्या कामाचा अभिमान वाटला. आजही वाटतो, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

काही आठवड्यांनी त्या गेल्या. घरीच, काकांच्या हातात हात देऊन. ती जुनी पाटी काकांनी मला आणून दिली. आता डॉक्टर स्वतःच नातेवाइकांना म्हणतात, "जरा मॅडमकडे पाटी ढकलून या."

माणसाला स्वीकार शिकवता येतो, हे मी अनुभवाने सांगते. पाटी लावू नका, हे मात्र पुण्यात कुणाला शिकवता येत नाही. मी गेले त्या दिवशी धायरीच्या घराच्या दारावरही नवी पाटी होतीच, त्याच मोत्यासारख्या अक्षरात:

"आजाराबद्दल बोललेले चालेल. सल्ले चपलांबरोबर बाहेर ठेवावेत. रडायचे असल्यास आत यावे. पाणी मिळेल."