शिवेवरची ओटी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवर तेव्हा नाका होता. ज्वारी जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी होती. नाक्यावर तपासणीला नेमलेला माणूस आमची एसटी थांबली की सळई घेऊन वर चढायचा, गाठोड्यात खुपसायचा आणि टोक नाकाशी नेऊन हुंगायचा. बायका ओटीच्या नावाखाली ज्वारी नेतात म्हणून तो ओट्याही रिकाम्या करायला लावायचा.

"सांगलीकडं पिकलं नाही, इथं पोती पडून आहेत. जाऊ द्या की," मी एकदा म्हणालो.

"आज वाट मोकळी केली तर व्यापारी सगळी उचलतील, मास्तर. मग आमची पोरं काय खातील?"

त्याचं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून मला जास्त राग यायचा.

एका दुपारी गाडीत त्याची बहीण होती. माहेरपण संपवून सांगलीकडं सासरी निघालेली. गहू-तांदूळ मिळत नव्हते, म्हणून ओटीतही ज्वारीच.

"खाली उतर. वत ती," तो म्हणाला.

"दादा, सकाळी वहिनीनं तुझ्यासमोरच भरली की."

"ती घरात. ही शीव हाय."

तिनं खाली उतरून नाक्यावरच्या जप्त ज्वारीच्या ढिगावर पदर सोडला. बाजूला सांडलेले दाणेसुद्धा त्यानं वेचून ढिगात टाकले.

पुढं बंदी उठली. ज्वारीचे ट्रक न थांबता जाऊ लागले. तो मात्र त्या ओस नाक्यावर येऊन बसायचा आणि सांगलीहून येणाऱ्या एसटीतून उतरणाऱ्या बायका बघायचा. बहीण पुन्हा माहेरी आली नाही.